नवसागराचा पांढरा धूर

कल्हईवाला मुंबईत आता क्वचितच दिसतो. पण ज्यांनी त्याचे काम पाहिले आहे त्यांना तो पांढरा, नाकाला झोंबणारा धूर आठवत असेल. तापलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यात तो नवसागराची पूड टाकी, कथील फिरवी आणि कापसाच्या बोळ्याने घाशी. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. उष्णतेने त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड हे वायू होतात. धातूवरचा ऑक्साइडचा थर क्लोराइड होऊन सुटतो व स्वच्छ पृष्ठभागावर कथील धरते. उरलेले वायू हवेत निवून पुन्हा एकत्र येतात. तोच तो धूर.

नवसागर हे फारसी-अरबी ‘नुशादिर’चे मराठी रूप. (‘किमया’ हा शब्दही आपल्याकडे अरबीतूनच आला.) पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९० साली छापलेल्या ‘रसरत्नसमुच्चया’त तो ‘नवसार’ म्हणून भेटतो, विटा भाजताना मिळणारे लवण म्हणून.

अरबी किमयागारांना या क्षाराने भुरळ घातली होती. जाबिर इब्न हय्यानच्या नावावरील ग्रंथांत तो केसांसारख्या प्राणिज पदार्थांपासूनही काढलेला आहे. रै शहरचा वैद्य अल-राझी (सुमारे ८६५–९२५) याने खनिजांचे सहा वर्ग केले. पहिला वर्ग ‘आत्म्यां’चा : पारा, गंधक, हरताळ-मनशीळ आणि नवसागर. धातू पारा आणि क्षार नवसागर एका पंक्तीला पाहून हसू येईल. पण आगीत ठेवले की हे सारे उडून जातात, एवढाच निकष त्याने लावला होता. नाव वा रंग न पाहता पदार्थ कसा वागतो ते पाहायचे, ही दृष्टी बाराव्या शतकापासून लॅटिन भाषांतरांतून युरोपात पोहोचली. सोने काही झाले नाही.

जाबिरने नायट्रिक आम्ल शोधले, असे अनेक पुस्तकांत छापलेले असते. ती कृती ‘गेबर’ या नावाने सुमारे १३००च्या आसपास लिहिलेल्या लॅटिन ग्रंथांतली आहे. त्यांचे अरबी मूळ सापडलेले नाही. वर्गात हे सांगताना जपावे.

आणि प्रयोग जरूर करावा. परीक्षानळीत चिमूटभर नवसागर, वर काचेच्या लोकरीचा सैल बोळा, तोंडाशी ओला तांबडा लिटमस कागद. खिडक्या उघड्या ठेवून नळी तापवा. कागद आधी निळा होतो, थोड्या वेळाने पुन्हा तांबडा. अमोनियाचा रेणुभार १७, हायड्रोजन क्लोराइडचा ३६.५, हलका वायू लोकरीतून आधी बाहेर पडतो.