वाहनचालकाचे चित्त आणि अप्पमाद

धुळ्याहून जळगावकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर पारोळा, एरंडोल, पाळधी ही गावे लागतात. या मार्गावर एखादा तरुण भरधाव निघाला की त्याला गाडी चालविता येत नाही, असे आपण म्हणतो. वस्तुतः पुष्कळदा त्याचे हात सराईत असतात. चूक होते ती कोणत्या मूल्याला किती महत्त्व द्यावे, या निर्णयात.

याचा वस्तुपाठ आपल्या जळगाव जिल्ह्यातच घडला आहे. 1929 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद होते. त्या कामासाठी ते खानदेशात गेले होते. परतताना ते चाळीसगावला उतरले. अस्पृश्याला बसवून टांगा हाकण्यास टांगेवाल्यांनी नकार दिला. बाबासाहेबांनी वस्तीपर्यंत पायी यावे, हे आपल्या बांधवांना रुचेना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा नाही. म्हणून वस्तीतील एकाने लगाम हाती घेतला. टांगा हाकणे हा त्याचा व्यवसाय नव्हता. नदीवरील फरशीपुलावर चाक अडकले, घोडा व टांगा नदीत गेले आणि बाबासाहेब दगडी फरशीवर आपटले. त्यांच्या पायाचे हाड मोडले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात त्यांनी हा प्रसंग सांगितला असून, प्रवाशाच्या प्रतिष्ठेपेक्षा त्याची सुरक्षितता अधिक महत्त्वाची असते हे बांधव विसरले, असा अभिप्राय दिला आहे.

येथे मूळ दोष जातिभेदाचा, यात संशय नाही. तथापि बाबासाहेबांनी आपल्या माणसांच्या प्रेमाचीही निर्भीड चिकित्सा केली, हे ध्यानात घ्यावे. हेतू उदात्त असला तरी विवेक सुटला की जीव धोक्यात येतो.

अशा वेळी मेंदूत काय घडते, याचा शोध अमेरिकेतील टेंपल विद्यापीठातील जेसन चाइन, लॉरेन्स स्टाइनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात सहभागी व्यक्तींना वाहन चालविण्याचा संगणकीय खेळ दिला होता. सिग्नल पिवळा होताच थांबायचे की पुढे घुसायचे, हे ठरवायचे होते. मित्र पाहत आहेत असे कळताच किशोरवयीन मुले अधिक धोका पत्करू लागली आणि त्यांच्या मेंदूतील बक्षिसाच्या अपेक्षेशी निगडित भाग अधिक सक्रिय झाले. प्रौढांमध्ये असा फरक आढळला नाही. मेंदूचा संयमाशी संबंधित पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत असतो.

यावरून दोष मेंदूचा, माणसाचा नव्हे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. सवयीने व शिक्षणाने मेंदू घडतो. भगवान बुद्धांनी चेतनेलाच कर्म म्हटले आणि अप्पमादाला, म्हणजे सदैव सावध राहण्याला, धम्माचरणात अग्रस्थान दिले. पंचशीलातील पाचवे शील मद्याला प्रमादाचे कारण मानते. मोटार वाहन कायद्यानेही 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असताना वाहन चालविणे हा गुन्हा ठरविला आहे.

2022 साली भारतात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी सुमारे 71 टक्के मृत्यूंची नोंद अतिवेगाच्या सदरात आहे. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे 22 मीटर अंतर कापते. शेजारच्या मित्राकडे वळून पाहण्यास तेवढाच वेळ लागतो. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते.

14 एप्रिलच्या मोटारसायकल फेरीत हेल्मेट न घालता, एका गाडीवर तिघे बसून घोषणा देणाऱ्या तरुणांच्या मनात बाबासाहेबांविषयीचा अभिमानच असतो. चाळीसगावच्या बांधवांच्या मनातही तोच होता. म्हणून फेरी काढणाऱ्या मंडळांनी निघण्यापूर्वी हा प्रसंग तरुणांना सांगावा, आणि हेल्मेट असेल त्यालाच फेरीत घ्यावे.