समुद्राचा सातबारा कोणाच्या नावावर?

दिवाळीची सुट्टी लागली की मुंबई-पुण्याच्या गाड्या तळकोकणाकडे धावू लागतात. गोव्यात गर्दी वाढली, महागाई वाढली. म्हणून 'अजून न बिघडलेला' किनारा शोधत पर्यटक मालवण, तारकर्ली, देवबाग, निवती, वेंगुर्ल्यापर्यंत पोहोचतो. तिथे लांबच लांब वाळू आहे, माडांची बने आहेत आणि सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकाळ पाण्यात स्नॉर्केलिंगची सोय आहे. डोळ्यांवर काच, तोंडात श्वासाची नळी आणि अंगात लाइफ जॅकेट घालून माणूस पाण्यावर पालथा तरंगतो आणि खालचे प्रवाळ, रंगीत मासे पाहतो. पोहता न येणाऱ्यालाही वाटाड्याचा हात धरून हे करता येते. हा आनंद जरूर घ्यावा. मात्र आंबेडकरी माणसाने तो घेताना एक प्रश्नही विचारला पाहिजे. हा किनारा इतकी वर्षे 'अविकसित' राहिला तो कशामुळे, आणि आता त्याचा विकास होतो आहे तो कोणासाठी?

किनारा आपोआप अविकसित राहत नाही. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला; त्यापूर्वी तो रत्नागिरी जिल्ह्याचा भाग होता. या जुन्या रत्नागिरी जिल्ह्यावर खोतीची पकड होती. कुळाने राबायचे आणि खोताने खायचे, असा तो व्यवहार. त्याविरुद्ध बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. त्या मोर्चात महारही होते आणि कुणबीही होते. खोती कायद्याने जायला मात्र १९४९ साल उजाडले. तोपर्यंत पिढ्यान् पिढ्या गाव सोडून गेल्या होत्या. कोणी पलटणीत गेला, कोणी गिरणीत, कोणी गोदीत. मागे राहिलेले घर मनीऑर्डरवर जगले. आजचा पर्यटक ज्या शांततेचे कौतुक करतो, त्या शांततेत गाव सोडून गेलेल्या या माणसांची अनुपस्थितीही आहे, हे विसरता येत नाही.

आता चित्र बदलले आहे. १९९७ साली सिंधुदुर्ग 'पर्यटन जिल्हा' जाहीर झाला. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. २०२१ साली चिपीचा विमानतळ सुरू झाला. २०२५ साली सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. पैसा येतो आहे, पण तो जिरतो कुठे? किनाऱ्यालगत ज्याची जमीन, त्याचे लॉज. ज्याची होडी, त्याचे तिकीट. ज्याच्याकडे यातले काहीच नाही, त्याच्या हाती खोल्यांचा झाडू आणि धुवायच्या चादरी. गावाच्या कडेला वसवलेल्या बौद्धवाडीच्या वाट्याला यातले काय येते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

इथे एक गैरसमज टाळला पाहिजे. आपले भांडण दर्यावर पोट भरणाऱ्या गाबीत, भंडारी किंवा मुस्लिम मच्छीमारांशी नाही. या किनाऱ्यावर रापणीची जुनी पद्धत आहे. गावातली माणसे मिळून वाळूवरून जाळे ओढतात आणि मासळीचे वाटे करतात. रापणीला मोकळी वाळू लागते, होडी ओढून ठेवायला जागा लागते, मासळी वाळवायलाही जागा लागते. उद्या सगळ्या वाळूवर खुर्च्या आणि छत्र्या आल्या तर पहिला फटका याच माणसांना बसेल. म्हणून त्यांचा प्रश्न आणि बौद्धवाडीचा प्रश्न एकाच सुताने बांधलेला आहे. १९३८ च्या मोर्चाने हीच एकजूट दाखवली होती.

आता कायदा पाहू. समुद्राचा सातबारा कोणाच्या नावावर आहे? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम २० सांगते की भरतीच्या रेषेखालचा समुद्राचा तळ राज्य शासनाच्या मालकीचा आहे. शासन म्हणजे तरी कोण? कमलनाथ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केले की समुद्रकिनारा, वाहते पाणी, हवा, वने ही लोकांची ठेव आहे आणि शासन तिचे केवळ विश्वस्त आहे. विश्वस्ताला ठेव विकून खाता येत नाही. गोव्यात दोनापावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्याकडे जाणारी लोकांची वाट एका मोठ्या हॉटेलच्या आवारात अडली होती. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००९ साली न्यायालयाने ती वाट लोकांसाठी खुली ठेवण्याचा निर्णय कायम केला. किनारा सर्वांचा आणि वाट मात्र खाजगी, ही चलाखी कायद्यापुढे टिकली नाही.

आंबेडकरी वाचकाला हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. सरकारी खर्चाने बांधलेले किंवा चालवले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा ठराव सी. के. बोले यांनी १९२३ साली मुंबई कायदेमंडळात मंजूर करून घेतला. तो ठराव कागदावर राहू नये म्हणून २० मार्च १९२७ रोजी महाडचा सत्याग्रह झाला. पुढे चवदार तळ्याचा दावा चालला. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची चाल अनादी असल्याचे प्रतिपक्षाला सिद्ध करता आले नाही आणि मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. हेच तत्त्व पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये आले. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत प्रवेश, आणि शासकीय निधीतून राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते व सार्वजनिक राबत्याच्या जागा यांचा वापर जातीच्या कारणाने कोणालाही नाकारता येत नाही. मालवणची जेटी, किनाऱ्याचा रस्ता, वाहनतळ हे सारे जनतेच्या पैशातून उभे राहते. तेव्हा त्यावरचा हक्क कोणाच्या मेहेरबानीचा नाही.

राहण्याच्या जागेबाबतही हेच. खोली देण्यापूर्वी आडनाव विचारायचे, मग गाव विचारायचे, मग 'खोल्या भरल्या' म्हणायचे, ही रीत अजून पुरती मेलेली नाही. अस्पृश्यतेच्या कारणाने हॉटेलात प्रवेश नाकारणे हा नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ नुसार गुन्हा आहे. असे घडले तर अपमान गिळून पुढच्या गावी जाऊ नये. वेळ, जागा आणि साक्षीदार यांची नोंद करावी आणि लेखी तक्रार द्यावी.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, जावे. मुलांना घेऊन जावे. ज्या समाजाला पाण्याला हात लावू दिला नाही, त्या समाजाच्या मुलांनी पाण्यात तोंड घालून समुद्राचा तळ पाहावा, पोहायला शिकावे. मात्र जीव सांभाळावा. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचा मृत्यू झाला. लाइफ जॅकेटशिवाय आणि क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरलेल्या होडीत बसू नये. पावसाळ्यात समुद्रात उतरू नये. प्रवाळावर उभे राहू नये, तोडून आणू नये. तो सजीव आहे आणि वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. मालवणचा हा सागरी भाग १९८७ पासून अभयारण्य आहे.

दुसरी गोष्ट, वाटा मागावा. होडी, वाटाड्याचे प्रशिक्षण, न्याहारी-निवासाची सोय यांसाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाकडे आणि अनुसूचित जातींच्या विकासनिधीकडे वाडीवाडीतून अर्ज गेले पाहिजेत. किनाऱ्याची प्रत्येक सार्वजनिक वाट नकाशावर नोंदवून तिथे फलक लावण्याचा ठराव ग्रामसभेत मांडला पाहिजे. २०१९ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेने गावांच्या किनाऱ्यावर भरतीच्या रेषेपासून १० मीटर अंतर सोडून तात्पुरत्या पर्यटन सोयींना मुभा दिली आहे. त्या सोयी कोणाला मिळतात, यावर लक्ष हवे.

तिसरी गोष्ट, जमीन सांभाळावी. महार वतनाची जमीन शासनाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. तरी दलाल साठेखत आणि कुलमुखत्यारपत्रावर सह्या घेऊन फिरतात. चार पैशांच्या गरजेपोटी सही करण्यापूर्वी वकिलाला कागद दाखवा.

महाडला ओंजळभर पाण्यासाठी लढावे लागले. मालवणला पाणी अथांग आहे, पण वाट अडवणारे तिथेही उद्या उभे राहतील. ती वाट आजच नकाशावर नोंदवून घ्या. जयभीम!