खर्जाची वाटणी

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बीबीसीच्या अभियंत्यांपुढे एक अगदी व्यवहारी अडचण होती. बाहेरगावच्या प्रक्षेपणाला जाणाऱ्या गाडीत माणसं, मिक्सर आणि टेपची यंत्रं बसली की स्पीकरला जागाच उरत नसे, आणि दिवसभर कानाला हेडफोन लावून बसणं कुणालाच नको होतं. त्यांच्याच संशोधन विभागात स्टुडिओंच्या एक-अष्टमांश आकाराच्या प्रतिकृती बांधून त्यांत आवाज कसा खेळतो याचे प्रयोग चालत. त्या कामासाठी घडवलेल्या एका छोट्या स्पीकरवरून पुढे जो निघाला, तो एलएस३/५ए. उंची साधारण ३० सेंटीमीटर, रुंदी १९, खोली १६, आणि पोटात जेमतेम पाच लिटर हवा. बर्च प्लायची पेटी, तिच्या आतल्या बाजूंवर डांबरी पट्ट्या, दर्शनी बाजूस केफ कंपनीचा बी-११० वूफर आणि टी-२७ ट्वीटर.

एक वॅट दिला की मीटरभर अंतरावर ८२-८३ डेसिबल देणारा हा मंद स्पीकर. तरी पन्नास वर्षांनंतरही लोक त्याच्या जुन्या जोड्या शोधत असतात. माणसाचा बोलता आवाज खरा वाटतो की नाही, ही त्याची मुख्य परीक्षा होती, आणि ती त्याने पास केली. खर्जाच्या बाबतीत मात्र त्याने थोडी लबाडी केली. शंभर हर्ट्झच्या जरा वर त्याच्या आवाजाला एक हलका उंचवटा आहे. त्यामुळे खाली काही नसूनही कानाला भरल्यासारखं वाटतं. स्वस्त स्पीकरही ही लबाडी करतात, पण इतक्या हलक्या हाताने नाही.

घरी स्पीकर बांधणाऱ्या मंडळींचा हाच डबा मूळपुरुष म्हणायला हरकत नाही. दोन ड्रायव्हर, त्या दोघांत आवाज वाटून देणारा एक क्रॉसओव्हर, सहा फळ्या. यापेक्षा कमी सामानात संगीत ऐकण्याजोगं काही बनत नाही आणि यापेक्षा फार जास्त सामान घेऊन पहिलाच प्रयत्न करणाऱ्याचं बहुधा माळ्यावर जाऊन पडतं.

लहान पेटीला खोल खर्ज का जमत नाही, याचा हिशेब जुना आहे. केएलएच या अमेरिकी कंपनीच्या नावातला ‘एच’ म्हणजे जे. अँटन हॉफमन, प्रख्यात पियानोवादक योझेफ हॉफमन यांचा मुलगा. त्याच्या नावाने एक नियम ओळखला जातो : पेटी लहान हवी, खर्ज खोल हवा आणि थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज हवा, या तीन मागण्यांपैकी दोनच पुऱ्या होतील. आकड्यात सांगायचं तर कार्यक्षमता तीच ठेवून एक सप्तक खाली उतरायचं असेल तर पेटी आठपट मोठी करावी लागते. पाच लिटरची चाळीस लिटर. ती मग शेल्फवर राहत नाही, घरातल्या माणसांच्या पायात येते.

एडगर व्हिलचर यांनी १९५४ साली एआर-१ आणला तेव्हा त्यांनी यातली तिसरी मागणी सोडून दिली. पेटी हवाबंद केली आणि आतल्या हवेलाच स्प्रिंग करून कोनला तिच्या भरवशावर सोडलं. वॅट जास्त लागले, पण पेटी घरात मावली. आज घरी बांधलेला प्रत्येक लहान बंद स्पीकर याच घराण्यातला. त्या पेटीचं माप अंदाजाने न घेता गणिताने घेता येतं ते ऑस्ट्रेलियातल्या दोघांमुळे. नेव्हिल थील यांचा १९६१चा निबंध तिकडच्याच एका नियतकालिकात दहा वर्षं पडून होता. १९७१ मध्ये अमेरिकेत पुन्हा छापला गेला तेव्हा जगाचं लक्ष गेलं. सिडनीत संशोधन करणाऱ्या रिचर्ड स्मॉल यांनी पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याची बांधणी पूर्ण केली. ड्रायव्हरच्या माहितीपत्रकावर आज जे आकडे छापलेले असतात, ते या दोघांच्या नावाने चालतात.

त्यांतले तीनच आपल्याला पुरतात. कोन मोकळा असताना कोणत्या कंपनाला झुलतो, ते एफएस. तो झोका किती लवकर आवरतो, ते क्यूटीएस. आणि कोनच्या लवचीकपणाशी बरोबरी करणारी हवा किती लिटर, ते व्हीएएस. समजा पाच इंची वूफरचा एफएस ५५ हर्ट्झ, क्यूटीएस ०.४५ आणि व्हीएएस ८ लिटर आहे. आवाज फुगणार नाही आणि कोरडाही पडणार नाही असा बंद पेटीचा क्यू, म्हणजे पेटीत बसवल्यावर त्याच झोक्याचा आकडा, ०.७ च्या आसपास असतो. तो धरला की पेटी साडेपाच लिटरची येते आणि खर्जाची हद्द ८६ हर्ट्झवर लागते. आतली मापं १५ × २४ × १५.२ सेंटीमीटर. १८ मिलिमीटरच्या एमडीएफमधून दोन पेट्या निघायला आठ बाय चारच्या शीटचा पाचवा भागही लागत नाही. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या आसपास किंवा कुठल्याही फर्निचरवाल्याकडे उरलेला तुकडा मिळतो. कापून तिथेच घ्यावा, कारण कडा काटकोनात नसतील तर फेविकॉल कितीही ओता, हवा गळते.

बाकीचं सामान बुधवार पेठेत तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असं लिहिलेलं असलं तरी त्या नावाने विचारलं तर टॅक्सीवालाही क्षणभर थांबतो. या गल्ल्यांनी एका पिढीला ४४४० आयसीच्या बोर्डावर अॅम्प्लिफायर जोडायला शिकवलं. आता काउंटरवर टीपीए३११६ चे तळहाताएवढे क्लास-डी बोर्ड असतात. लॅपटॉपच्या अॅडॉप्टरसारख्या पुरवठ्यावर चालतात, फारसे तापत नाहीत. ड्रायव्हरच्या बाबतीत मात्र सावध असावं. नुसतं ‘पाच इंची, ६० वॅट’ एवढंच छापलेला स्पीकर कितीही छान दिसला तरी त्याचे तीन आकडे ठाऊक नसतील तर वरचं सगळं गणित फुकट. मूळच्या डेन्मार्कच्या पीअरलेसचे किंवा इंडोनेशियात बनणाऱ्या एसबी अकूस्टिक्सचे ड्रायव्हर मागवले की कागद बरोबर येतो. पैसे त्या कागदाचेही आहेत असं समजावं.

आत भरायला उशीत भरतात तो पॉलिस्टर धागा, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत रेकरॉन, हलक्या हाताने विंचरून. ठासून भरू नये.

क्रॉसओव्हरवर या छंदातली बरीच भांडणं होतात आणि त्यांतली निम्मी कपॅसिटरच्या किमतीवरून. माझं मत विचाराल तर तेलात बुडवलेल्या, सोन्याचांदीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कपॅसिटरवर खर्च करण्याऐवजी एक मोजणीचा मायक्रोफोन घ्यावा. रूम ईक्यू विझार्ड नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं; लॅपटॉपला मायक्रोफोन लावला की आपण बांधलेली वस्तू काय करते ते रेषेत दिसतं. पहिल्यांदा दिसतो तो दर्शनी फळीचा परिणाम. १९ सेंटीमीटर रुंदीची फळी साधारण ६०० हर्ट्झच्या वरचा आवाज पुढे फेकते. त्याखालचा आवाज पेटीला वळसा घालून मागेही पसरतो. हिशेबाने ६ डेसिबलची, भिंती जवळ असलेल्या खोलीत तीन-चार डेसिबलची तूट. ती क्रॉसओव्हरच्या कॉइलने भरून काढली नाही तर आवाज चिरका, पातळ लागतो, आणि बांधणारा बिचारा ट्वीटरला दोष देत बसतो.

एवढं सगळं नीट झालं की ८६ हर्ट्झच्या वर हा स्पीकर कुठल्याही दुकानातल्या चांगल्या स्पीकरशेजारी ठेवायला लाज वाटत नाही. प्रश्न खालचा आहे. काळी एकला लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झवर बोलते. आपला स्पीकर तिथे ५ डेसिबल मागे पडलेला असतो. तरी तंबोरा ऐकू येतो, कारण जवारीमुळे उमटणाऱ्या वरच्या स्वरांवरून कान मूळ स्वर स्वतःच जुळवून घेतो. कान स्वराची उंची भरून काढतो, त्याचं वजन नाही. डग्ग्यावर मनगट दाबून काढलेली मींड खाली उतरताना अर्ध्यात विरते. बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची. तिथे तूट जवळपास १३ डेसिबल.

म्हणून सबवूफर. पण तो कशासाठी घ्यायचा यावर माझा नेहमीच्या समजुतीशी वाद आहे. लोक त्याच्याकडे आवाजात काहीतरी वाढवणारं यंत्र म्हणून पाहतात. त्याचा खरा उपयोग लहान स्पीकरच्या अंगावरचं काम काढून घेण्यात आहे. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर कोनला चौपट अंतर पुढेमागे जावं लागतं. पाच इंची कोन ४० हर्ट्झसाठी असा धापा टाकत असतो तेव्हा त्याच कोनवरून गायिकेचा आवाजही येत असतो, आणि तो गढूळ होतो. खालचं काम काढून घेतलं की वरचं साफ होतं. फरक पहिल्यांदा खर्जात ऐकू येत नाही, शब्दांत ऐकू येतो.

नेमकी हीच पायरी बहुतेक घरांत गाळलेली असते. सबवूफरला त्याची वायर जाते, लहान स्पीकरला पूर्वीसारखा सगळाच आवाज जात राहतो, आणि मग दोघं मिळून एकच काम करतात. खर्ज फुगतो, स्वच्छता काही येत नाही. उपाय स्वस्त आहे. अॅम्प्लिफायरच्या इनपुटचा रोध २० किलो-ओहम असेल तर प्रत्येक वाहिनीत ०.१ मायक्रोफॅरडचा एकेक कपॅसिटर टाकला की ८० हर्ट्झच्या खालचा आवाज उतरू लागतो. दोन्ही मिळून चहाच्या किमतीतलं काम.

जरा जास्त खर्चाची तयारी असेल तर याहून देखणी युक्ती आहे. सीगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली या ह्यूलेट-पॅकार्डमधल्या अभियंत्यांच्या नावाचा, १९७६च्या निबंधातून पुढे आलेला क्रॉसओव्हर सप्तकाला २४ डेसिबल उतरतो आणि जोडावर दोन्हीकडचे आवाज सपाट जुळतात. ०.७ क्यूची बंद पेटी सप्तकाला १२ डेसिबल स्वतःच उतरते. उरलेले १२ त्याच ८६ हर्ट्झवर इलेक्ट्रॉनिक फिल्टरने द्यायचे आणि सबवूफरला वरून २४ डेसिबलचा उतार द्यायचा. निम्मा क्रॉसओव्हर सुताराने करून ठेवलेला असतो.

जोड ८० च्या आसपासच का? त्या कंपनाची लहर सव्वाचार मीटर लांब असते. आवाज कोणत्या कोपऱ्यातून येतो ते कानाला तिथे सांगता येत नाही. सिनेमाघरांसाठी मानकं ठरवणाऱ्या टीएचएक्सनेही घरगुती संचासाठी हाच आकडा धरला. १९८७ साली बोसच्या अकूस्टिमासने मुठीएवढे स्पीकर आणि सोफ्यामागे दडवलेली खर्जाची पेटी ही कल्पना घरोघरी नेली, पण एवढ्याशा ठोकळ्यांना १०० हर्ट्झही जमत नाहीत, म्हणून जोड बराच वर घ्यावा लागतो. आपल्याकडच्या असेंबल केलेल्या ५.१ संचांत हीच गोष्ट आणखी खालावली. बातम्या देणाऱ्याचा अर्धा आवाज टीव्हीतून आणि अर्धा टीपॉयखालून. त्यामुळे स्पीकर लहान करायचा तो पाच लिटरपर्यंतच. त्याखाली गेलं की सबवूफर चाकर न राहता मालक होतो.

सबवूफरही आटोपशीर हवा, आणि हॉफमनचा नियम त्यालाही सुटत नाही. १९९०च्या दशकात बॉब कार्व्हर यांनी सनफायरचा अकरा इंची घन काढला आणि त्यात २,७०० वॅटचा अॅम्प्लिफायर बसवल्याचं जाहीर केलं. हट्टाने नियमाशी कुस्ती खेळण्याचा तो नमुना. घरी एवढा आटापिटा लागत नाही. आठ इंची लांब पल्ल्याचा ड्रायव्हर, बारा-पंधरा लिटरची बंद पेटी, मागे बसणारा शे-दीडशे वॅटचा प्लेट अॅम्प्लिफायर. खालचा उतार इलेक्ट्रॉनिक्सने उचलता येतो, मात्र १२ डेसिबल उचलले की तिथे सोळापट वॅट लागतात, तेव्हा ४० हर्ट्झपाशी समाधान मानावं. गणपतीतल्या डॉल्बीच्या भिंती छातीत जे करतात ते बेडरूममध्ये करण्याची हौस असेल तर हा प्रकार त्यासाठी नाही. खालच्या मजल्यावर छतातून जे ऐकू येतं ते बहुतेक ५० हर्ट्झच्या आसपासचंच असतं. वरचा आवाज स्लॅब अडवतो, हा नाही.

शिवाय खोली स्वतःच वाजते. दहा बाय बाराच्या खोलीत लांबीच्या बाजूला ४७ हर्ट्झ आणि रुंदीच्या बाजूला ५६ हर्ट्झ घुमतात. एका जागी खर्ज अंगावर येतो, दोन फुटांवर गायब. यावर जुना, हास्यास्पद दिसणारा उपाय आहे. सबवूफर आपल्या बसायच्या खुर्चीवर ठेवायचा, खर्ज भरपूर असलेलं गाणं लावायचं आणि भिंतीकडेने रांगत ऐकत जायचं. जिथे आवाज एकसारखा लागेल तिथे पेटी. घरात कुणी नसताना करावं.

मग मागच्या फेजच्या बटणाची पाळी. जोडाच्या कंपनाचा सलग सूर लावून सबवूफरची दिशा उलटी करायची आणि मधलं अंतर बदलत राहायचं. आवाज सर्वांत जास्त पडेल तिथे थांबून दिशा पुन्हा सुलटी केली की दोघांचं जुळतं. शेवटी तबल्याचं एकल वादन लावावं. डग्ग्याची मींड ८६ हर्ट्झची शीव ओलांडून खाली उतरते तेव्हा तबलजी जागेवरून हललेला वाटता कामा नये. आवाजाची कळ अशी ठेवावी की सबवूफर चालू आहे हे बंद केल्यावरच कळावं.

ही शेवटची सूचना घरच्यांना पटत नाही. एवढी पेटी आणली आणि बेस येतच नाही, असं पहिला पाहुणा म्हणतो आणि बोलता बोलता कळ फिरवतो. म्हणून बांधणारे बहुतेक जण मागच्या पट्टीवर पेनने बारीक खूण करून ठेवतात.