एक कार्ड, दोन नावे : वाढदिवसाच्या पोस्टकार्डातील मराठी कुटुंब

हिंदुस्थानात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले. पाव आण्याच्या या कार्डाने पत्रव्यवहार सामान्य कुटुंबांच्या आवाक्यात आणला. त्याचबरोबर घरगुती मजकूर उघडाही केला. लिफाफा नसल्याने तो पोस्टमनपासून घरातील कोणाही साक्षर माणसापर्यंत सर्वांना वाचता येई. या उघडेपणाचा कौटुंबिक भाषेवर कोणता परिणाम झाला, हा वाङ्मयाच्या अभ्यासकाने विचारात घेण्याजोगा प्रश्न आहे.

विवाहित मुलीला वाढदिवसानिमित्त माहेरून गेलेले जुने कार्ड या दृष्टीने बोलके ठरते. विवाहानंतर मुलीचे आडनाव बदले. अनेक घरांत पाळण्यातील नावही बदलत असे. त्यामुळे पत्त्याच्या बाजूस तिचे सासरचे नाव, किंवा केवळ पतीचे अथवा सासऱ्यांचे नाव आढळते. मजकुराच्या बाजूस मात्र ‘चि. सौ.’ या उपपदांपुढे तिचे माहेरचे हाकेचे नाव येते. ‘चिरंजीव’ हे उपपद तिचे कन्यापण सांगते, तर ‘सौभाग्यवती’ हे पत्नीपण.

मायन्यानंतर ‘अनेक उत्तम आशीर्वाद’ येतात. पत्र बहुधा वडील लिहीत. आईचा आशीर्वाद अखेरच्या ओळीत किंवा समासात आडव्या अक्षरांत सामावला जाई. घरातील विधवा आत्या वा आजी यांचा उल्लेख ‘गं. भा.’ या उपपदाने होई. अशा रीतीने कुटुंबातील प्रत्येकाचे स्थान मजकुराआधीच निश्चित झालेले असे.

हे कार्ड सासरी प्रथम दुसऱ्याच्याच हाती पडण्याचा संभव असे. म्हणून काळजी ‘प्रकृतीस जपावे’ एवढ्यावरच थांबे आणि भेटीची ओढ ‘सणास पाठवावे’ अशी व्याह्यांना केलेली विनंती बने. या ठराविक वाक्यांना कोरडेपणा समजणे चुकीचे होईल. चारचौघांत उच्चारता येईल एवढीच माया त्यांत व्यक्त झाली आहे. उरलेली त्या हाकेच्या नावात आहे.

वाचून झालेली कार्डे तारेच्या आकड्यात ओवून ठेवीत. थोरांची पत्रे संग्रहांत जपली गेली. ही कार्डे बहुतांशी तारेवरून रद्दीत गेली. जी उरली आहेत, त्यांची नोंद दोन्ही बाजूंनी व्हावयास हवी. केवळ मजकूर उतरून घेतल्यास त्या स्त्रीच्या दोन नावांपैकी एक नाहीसे होते.