तीन गळ्यांचे एक गाणे

जमैका म्हटले की आमच्या वर्गाला वेगवान गोलंदाज आठवतात, नाहीतर बॉब मार्ले. मला आठवतात ‘अ‍ॅबिसिनियन्स’चे तिघे: बर्नार्ड कॉलिन्स आणि डोनाल्ड व लिनफर्ड हे मॅनिंग बंधू. वसतिगृहात मित्राच्या मोबाइलवर त्यांचे ‘सत्ता मसागाना’ प्रथम ऐकले, तेव्हा हे देवळातले गाणे असावे असेच वाटले.

रेगे संगीताची सारी गंमत तालात आहे. चार मात्रांतली पहिली, जिथे आपली सम पडायची, तीच बहुधा रिकामी. ढोलाचा भार तिसरीवर. गिटार मात्रांच्या मधल्या जागी तुटक वाजते आणि गाणे पुढे नेते ती बास गिटारची जाड तार. त्यावर हे तीन गळे. आपल्या भजनात बुवा म्हणतात तेच टाळकरी मागून त्याच सुरात म्हणतात. इथे तिघे एकाच वेळी, पण निरनिराळ्या स्वरांवर गातात. कुणी कुणाला मागे ढकलत नाही. चाल संथ, कोमल गंधाराची. दुःखी म्हणावी, तर तीत रडगाणे नाही.

हे गाणे १९६९ साली किंग्स्टनच्या ‘स्टुडिओ वन’मध्ये ध्वनिमुद्रित झाले. मालक क्लेमंट डॉड यांना ते खपेलसे वाटले नाही. ते पडून राहिले. अखेर १९७१ मध्ये तिघांनी आपलेच ध्वनिमुद्रण विकत घेऊन ‘क्लिंच’ या स्वतःच्या नाममुद्रेवर तबकडी काढली आणि ती गाजली. इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी यांना देव मानणाऱ्या रास्ताफारी पंथात ते स्तोत्रच होऊन बसले.

शीर्षकाचे शब्द इथिओपियाच्या अम्हारिक भाषेतले. आशय स्तुतीचा, आभाराचा. (आपल्या ‘सत्ते’शी संबंध नाही!) अ‍ॅबिसिनिया हे त्याच देशाचे जुने नाव, आपला ‘हबशी’ शब्द तिथलाच. खरे पाहता जमैकात गुलाम म्हणून आणलेले बहुतेक लोक पश्चिम आफ्रिकेतले. अम्हारिक त्यांची कधीच नव्हती. इतिहासाच्या सरांनी इथे लाल रेघ ओढली असती. पण ज्यांच्या पूर्वजांच्या भाषा हिरावल्या गेल्या, त्यांनी एक भाषा निवडून आपली म्हटली, हे मला मोठे वाटते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. प्रथम वर्षी वर्गात ‘व्हतं’ म्हणालो आणि बाके हसली. त्यानंतर वर्षभर प्रत्येक वाक्य मनात धुऊनच बाहेर काढत होतो.

दिवाळीत गावी आजीला हे गाणे ऐकवले. तिने शब्दांचा अर्थ विचारला नाही. ‘ह्यांचा देव कंचा रं?’ एवढेच विचारले. मग हैले सेलासींची गोष्ट सांगितली, घरच्याच बोलीत.