खोट्या कम्प्युटरचं खरं लायसन्स

सोमवारी सकाळी अकराला इंटर्नशिपचा ऑनलाइन इंटरव्ह्यू. स्क्रीन शेअर करून प्रोजेक्ट दाखवायचा. आणि रविवारी रात्री स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात उगवलं, ‘अ‍ॅक्टिव्हेट विंडोज’. घामच फुटला राव!

माझा लॅपटॉप नवा, त्यावर उबंटू. विंडोज चालतं ते व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे कम्प्युटरच्या पोटातल्या खोट्या कम्प्युटरवर. लायसन्स मात्र खरं, पैसे मोजून घेतलेलं रिटेल. (लॅपटॉपसोबत आलेलं विंडोजचं लायसन्स त्या लॅपटॉपपुरतंच असतं, आतल्या मशीनला ते चालत नाही.) जुन्या लॅपटॉपवर वर्षभर काही तक्रार नव्हती. आता एरर कोडच्या शेवटी ‘एफ२१३’. म्हणजे, या मशीनसाठीचं लायसन्स सापडत नाही.

रूममेट म्हणाला, ‘‘क्रॅक टाक की, दोन मिनिटांचं काम.’’ मोह झालाच. पण तो क्रॅक आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगत होता. चोर यायच्या आधी आपणच वॉचमनला सुट्टी द्यायची? नको.

घोळ माझाच निघाला. मशीन हलवताना मी फक्त ‘व्हीडीआय’ फाइल, म्हणजे डिस्क, उचलली आणि नवी मशीन बनवून तिला जोडली. डिस्क तीच, पण मशीनचा यूयूआयडी नवा, नेटवर्क कार्डाचा मॅक अ‍ॅड्रेसही नवा. विंडोज मशीनला ओळखतं ते अशाच खुणांवरून. माणूस तोच, आधार कार्ड भलत्याचं!

मग जुन्या लॅपटॉपवरची मशीन नीट शटडाऊन केली (सेव्ह स्टेट नाही हं) आणि अख्खा फोल्डर कॉपी केला. त्यातल्या ‘व्हीबॉक्स’ फाइलीत या सगळ्या खुणा असतात. नव्या लॅपटॉपवर ‘न्यू’ न करता ‘अ‍ॅड’ करून तीच फाइल दिली. मशीन सुरू झाल्यावर घड्याळ तपासलं, कारण तारीख चुकली तरी अ‍ॅक्टिव्हेशन अडतं. अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एसएलएमजीआर’, स्पेस, स्लॅश, ‘एटीओ’ टाइप केलं.

झालं! एवढ्यानं भागलं नसतं, तर सेटिंग्जमधल्या ट्रबलशूटरमध्ये ‘हार्डवेअर नुकतंच बदललंय’ हा पर्याय होता. लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलेलं असलं, की तो कामाला येतो.

रात्री दीड वाजता जुन्या लॅपटॉपवरची मशीन उडवली. एक लायसन्स, एकच मशीन. मग झोपलो.