बायो ग्रुपचं फिजिक्स

दहावीचा निकाल लागला की नागपूरच्या घराघरांत एकच खल सुरू होतो: मॅथ्स ठेवायचं की सोडायचं? डॉक्टर व्हायचं ठरवलेली बरीच मुलं सोडून मोकळी होतात. फिजिक्स मात्र सुटत नाही. नीटच्या ७२० गुणांपैकी १८० फिजिक्सचे. बोर्डाची ७० गुणांची लेखी आणि ३० गुणांची प्रात्यक्षिक परीक्षाही दोन्ही ग्रुपना एकच.

गोम पुस्तकात आहे. बालभारतीच्या अकरावीच्या फिजिक्समध्ये दुसरंच प्रकरण गणिती पद्धतींचं. त्यात सदिशांच्या पाठोपाठ कलनशास्त्र थोडक्यात उरकलेलं आहे. मॅथ्सवाल्यांना तेच गणिताच्या तासाला पुन्हा सविस्तर भेटतं. बायोवाल्यांची शिदोरी तेवढ्या मोजक्या पानांची. बारावीत दोलनांच्या प्रकरणात थेट अवकल समीकरण समोर उभं राहतं. मग डेरिव्हेशन पाठ होतं. त्यातल्या एखाद्या पायरीचा अर्थ विचारावा, तर ‘सर, आमचं मॅथ्स नाही ना’ हे उत्तर तयारच.

अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांनी यावर सरळ तोडगा काढला. तिथे पहिल्या वर्षाच्या फिजिक्सचे दोन वेगळे अभ्यासक्रम असतात. इंजिनिअरिंगवाल्यांना कलनासह; मेडिकलकडे जाणाऱ्या बऱ्याच जणांना फक्त बीजगणित आणि त्रिकोणमितीवर. तिथल्या वैद्यकीय प्रवेशाच्या एमकॅट परीक्षेलाही कलन लागत नाही. दुसऱ्या अभ्यासक्रमाला नाकं मुरडणारे तिथेही असतील, पण त्याचं पुस्तक निदान त्याच विद्यार्थ्याला समोर ठेवून लिहिलेलं असतं.

कलनाशिवाय फिजिक्स होतं का? गॅलिलिओचं झालं. उतरणीवरून गोळा सोडला तर एकसारख्या कालावधींत त्याने कापलेली अंतरं १, ३, ५, ७ अशा प्रमाणात वाढतात, हे त्याने शोधलं. गतीवरचा त्याचा ग्रंथ १६३८चा. तेव्हा न्यूटनचा जन्मही झाला नव्हता. खुद्द न्यूटनने १६८७च्या ‘प्रिन्सिपिया’त बहुतेक सिद्धता भूमितीच्या भाषेत मांडल्या.

आपल्या मेट्रोचंच बघा. झाशी राणी चौकातून सुटलेल्या गाडीचा वेग, समजा, २० सेकंदांत शून्यावरून सेकंदाला २० मीटर झाला. ३० सेकंद तो तसाच राहिला आणि पुढच्या २० सेकंदांत गाडी थांबली. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर वेग घेऊन आलेख काढला की समलंब चौकोन तयार होतो. समांतर बाजू ७० आणि ३०, उंची २०, क्षेत्रफळ १,०००. म्हणजे गाडी बरोबर एक किलोमीटर गेली. सुरुवातीच्या रेषेचा चढ मोजला की त्वरण मिळतं: सेकंदाला एक मीटर प्रति सेकंद. प्रत्यक्षातला आलेख वाकडातिकडा असेल, तर आलेख कागदावरचे चौकोन मोजावेत आणि चढासाठी पट्टीने स्पर्शिका काढावी. संकलन आणि अवकलन यांचं मर्म हेच. फक्त चिन्हं नाहीत. स्प्रिंग ताणायला लागणारं कार्य याच पद्धतीने त्रिकोणाच्या क्षेत्रफळातून निघतं, आणि सरल आवर्त गती वर्तुळावर फिरणाऱ्या बिंदूच्या सावलीवरून समजते.

कलन नाही म्हणजे आकडेमोडही नाही, असा मात्र अर्थ कुणी काढू नये. गांधीसागरजवळच्या रमण विज्ञान केंद्रातली यंत्रं पाहून मुलं हरखतात. ते हवंच, पण मोजमापाशिवाय फिजिक्स नाही.

या वाटेला मर्यादाही आहेत. किरणोत्सारी पदार्थ दर अर्धायुष्यात निम्मा होत जातो, हे तक्ता करून दाखवता येतं. चकतीच्या जडत्व आघूर्णाच्या सूत्रातला अर्धा कुठून आला, हे संकलनाशिवाय पटवणं कठीण. तिथे पुस्तकाने ‘हे सूत्र तूर्त मान्य करा’ असं सरळ सांगावं. न कळलेल्या आठ ओळी घोकून घेण्यापेक्षा ते प्रामाणिक.

बोर्डाने बायो ग्रुपसाठी फिजिक्सचं वेगळं पुस्तक काढावं. तेवढं जमत नसेल, तर ज्युनिअर कॉलेजांनी दुसऱ्या प्रकरणाला जादा तास द्यावेत आणि ते तास आलेख कागदावर घ्यावेत. यंदा मॅथ्स सोडलेल्या मुलांनी मात्र कुणाची वाट पाहू नये: डेरिव्हेशन पाठ करण्याआधी त्याचा आलेख काढून पाहावा.